धान आर्सेनिक आत घेतं, नेचा ते कोंडून ठेवतो. मग आपल्या यकृताचं काय? पित्त आणि विष वाहणाऱ्या प्रथिनांची गोष्ट

भंडारा जिल्ह्यातलं आसगाव. पवनी तालुक्यातल्या चौरास पट्ट्यातलं हे गाव. पावसाळ्यात इकडे गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या दिसतात. पऱ्हे उपटून रोवणी चाललेली असते. इथलं जेवण म्हणजे भात. सकाळीही भात, रात्रीही भात.

आता त्या ताटातला एक घास घ्या. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. बांधीत उभं असताना धानाच्या मुळांनी जमिनीतून काय आत घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवलं. आणि तुम्ही घास गिळल्यावर तुमच्या आतड्याने आणि यकृताने तोच निर्णय पुन्हा घेतला. दोन्हीकडे निर्णय घेणारे असतात पेशीच्या पडद्यात बसलेले प्रथिनांचे रेणू. त्यातलं एक घराणं फारच मजेशीर आहे. त्यातला एक भाऊ आपल्या यकृतात पित्त वाहतो, दुसरा यीस्टमध्ये आर्सेनिक बाहेर फेकतो.

थोडक्यात सांगायचं तर

- पेशीभोवती तेलकट पडदा असतो. पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक गोष्टींना तो ओलांडायला वाहक प्रथिनं लागतात.
- पित्ताम्लं वाहणारी आणि आर्सेनिकसारखी विषारी मूलद्रव्यं बाहेर टाकणारी काही प्रथिनं एकाच मोठ्या घराण्यातली आहेत. या घराण्याचं नाव 'बार्ट'.
- यीस्ट, अनेक जिवाणू आणि नेचे यांच्याकडे आर्सेनिक हाताळणारं 'एसीआर३' हे वाहक आहे. धानाकडे ते नाही. माणसाकडेही नाही.
- म्हणून पाणी आणि भात या दोन्हींबाबत काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. ती कशी, ते शेवटी सांगितलंय.

पेशीला दार कशाला लागतं?

पेशीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. पाण्यावर तेलाचा तवंग असतो ना, तसंच काहीसं. ऑक्सिजनसारखे छोटे रेणू त्यातून सहज जातात. पण साखर, क्षार, पित्ताम्लं यांना हा थर अडवतो. अडवलं नसतं तर पेशीतलं सगळं बाहेर आणि बाहेरचं सगळं आत झालं असतं.

म्हणून या थरात प्रथिनं रोवलेली असतात. काही नुसत्या नळीसारखी असतात, जाणारा रेणू सरळ निघून जातो. काही मात्र खऱ्या अर्थाने वाहक असतात. एका बाजूला उघडतात, रेणू पकडतात, आकार बदलतात आणि दुसऱ्या बाजूला सोडतात. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ती सहसा उघडी नसतात. बँकेच्या तिजोरीच्या खोलीला दोन दारं असतील आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नसेल, तसं समजा.

हे काम फुकट होत नाही. उताराच्या दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कणाची ताकद वाहक वापरतो. पेशीबाहेर सोडियम जास्त आणि आत कमी असतं, त्यामुळे सोडियमला आत यायची घाई असते. त्याच्या सोबतीने पित्ताम्ल आत ओढून घेता येतं.

पित्त म्हणजे ॲसिडिटी नव्हे

'मला पित्त झालंय' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाबद्दल बोलत असतो. खरा पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि जेवल्यावर लहान आतड्यात उतरतो. त्यातला कामाचा भाग म्हणजे पित्ताम्लं. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं. भांड्याच्या साबणासारखं त्यांचं काम. तेला-तुपाचे मोठे थेंब फोडून बारीक करायचे, म्हणजे पाचकरसांना ते पचवता येतात.

गंमत अशी की शरीर हा साबण फेकून देत नाही. आपल्या शरीरात एकूण पित्ताम्लं असतात जेमतेम २ ते ४ ग्रॅम. पण ती दिवसातून ४ ते १२ वेळा यकृत, आतडं आणि पुन्हा यकृत अशा फेऱ्या मारतात. प्रत्येक फेरीत सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात. मलावाटे दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम जातात आणि यकृत तेवढी नवी बनवतं.

या फेरीतली दोन महत्त्वाची दारं दोन सख्खे भाऊ सांभाळतात.

पहिला आहे एएसबीटी. तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसलेला असतो आणि पित्ताम्लं परत आत घेतो. दुसरा आहे एनटीसीपी. तो यकृताच्या पेशींवर असतो आणि रक्तातून आलेली पित्ताम्लं यकृतात ओढून घेतो. दोघेही सोडियमच्या जोरावर चालतात: पित्ताम्लाच्या एका रेणूमागे सोडियमचे दोन आयन.

उंदराच्या यकृतातल्या एनटीसीपीचा जनुक १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या संशोधकांनी ओळखला. १९९४ मध्ये हॅमस्टरच्या आतड्यातल्या एएसबीटीचा जनुक सापडला. पण ही प्रथिनं दिसतात कशी, हे कळायला २०११ उजाडलं. त्या वर्षी एएसबीटीच्या एका जिवाणूतल्या नातेवाइकाची त्रिमितीय रचना 'नेचर' या नियतकालिकात छापून आली. आणि तो जिवाणू कोणता? मेंदूज्वर घडवणारा. पटलातून आरपार जाणारी १० वळकट्यांची ही रचना दोन भागांत विभागलेली आहे. त्या दोन भागांच्या मधल्या फटीत पित्ताम्ल बसतं.

याचा औषधांशी काय संबंध?

बराच आहे. काही मुलांमध्ये जन्मापासूनच यकृतातून पित्त नीट बाहेर पडत नाही. पित्ताम्लं साठतात आणि अंगाला भयंकर खाज सुटते. इतकी की मुलांना झोप लागत नाही. अशा दुर्मीळ आजारासाठी २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपात ओडेविक्सिबॅट या औषधाला मान्यता मिळाली. ते आतड्यातला एएसबीटी अडवतं. दारच बंद केल्यावर पित्ताम्लं परत यकृताकडे जात नाहीत, मलावाटे निघून जातात.

पित्ताम्लं मोठ्या आतड्यात पोहोचली की शौच पातळ होतं. त्याचाच उपयोग करून जपानमध्ये २०१८ पासून एलोबिक्सिबॅट हे औषध बद्धकोष्ठावर दिलं जातं. दार तेच, ते अडवायचंही तसंच. एकीकडे खाज थांबवायला, दुसरीकडे पोट साफ करायला.

दार ओळखीचं, पाहुणा मात्र चोर

आता या घराण्यातली सगळ्यात धक्कादायक गोष्ट. हिपॅटायटिस बी, म्हणजे 'कावीळ ब'चा विषाणू यकृताच्याच पेशींना का गाठतो, हे कोडं वर्षानुवर्षं सुटलं नव्हतं. २०१२ मध्ये बीजिंगमधले शास्त्रज्ञ वेनहुई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. हा विषाणू एनटीसीपीलाच धरून आत शिरतो. पित्तासाठी ठेवलेलं दार त्याने हेरलंय, आणि ते दार ठळकपणे यकृतातच आहे. हिपॅटायटिस डीचा विषाणूही याच दारातून जातो.

बुलेव्हिर्टाइड हे इंजेक्शन विषाणूच्या आधी जाऊन एनटीसीपीवर बसतं. २०२० मध्ये युरोपने ते हिपॅटायटिस डीसाठी सशर्त मंजूर केलं.

आपल्याकडे मात्र यापेक्षा स्वस्त आणि आधीचा उपाय हाताशी आहे: लस. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस द्यायची असते. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतात. एक गैरसमजही इथेच दूर करू. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ ही हिपॅटायटिस ए आणि ई यांची. 'बी' पसरते रक्तातून, दूषित सुईतून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला.

आता घराण्यातला दुसरा भाऊ: विष बाहेर फेकणारा

आर्सेनिक म्हणजे जुन्या कथांमधल्या विषप्रयोगातला सोमल. हे मूलद्रव्य धातूही नाही आणि पुरतं अधातूही नाही. शाळेच्या पुस्तकात अशांना 'धातुसदृश' म्हटलंय. अँटिमनीही त्यातलंच. पृथ्वीच्या खडकांत आर्सेनिक पहिल्यापासून आहे. त्यामुळे सजीवांना त्याच्याशी लढायची सवयही जुनीच.

१९९७ मध्ये बेकरीत वापरतात त्या यीस्टमध्ये एक जनुक सापडला: एसीआर३. त्याचं प्रथिन पटलात बसतं आणि पेशीत शिरलेलं आर्सेनाइट बाहेर ढकलतं. आर्सेनाइट म्हणजे आर्सेनिकचं जास्त घातक रूप. हा जनुक काढून टाकला तर तेच यीस्ट थोड्याशा आर्सेनिकनेही हैराण होतं. कितीतरी जिवाणूंकडेही हे प्रथिन आहे.

एकाचं काम पित्त आत आणायचं, दुसऱ्याचं काम विष बाहेर टाकायचं. तरीही प्रथिनांच्या साखळ्यांची तुलना केली तेव्हा नातं दिसलं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिल्टन सेयर यांच्या गटाने या सगळ्यांना एका मोठ्या घराण्यात बसवलं. नाव दिलं 'बार्ट'. पित्त, आर्सेनाइट आणि रायबोफ्लेव्हिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-२, या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांना वाहकाचं अक्षर जोडून ते तयार झालं.

एक खुलासा गरजेचा आहे. घराणं एक असलं तरी प्रत्येकाचं काम वेगळं. तुमच्या यकृतातल्या एनटीसीपीला आर्सेनिक बाहेर काढता येत नाही. आपलं यकृत दुसरा मार्ग वापरतं. ते आर्सेनिकला रासायनिक शेपूट जोडतं आणि मग ते मुख्यतः लघवीवाटे जातं. हे काम हळू चालतं. रोज नवीन आर्सेनिक येत राहिलं तर यकृत पुरं पडत नाही. म्हणून 'लिव्हर डिटॉक्स' नावाने विकले जाणारे काढे पिऊन आर्सेनिकवर मात करता येईल, असं समजू नका. आर्सेनिक येतं ती वाट बंद करणं, हाच उपाय.

धानाच्या मुळांची फसगत

बांधीकडे परत येऊ. धानाला सिलिका खूप लागते. तिच्यामुळे ताटं कणखर होतात, धान लोळत नाही, करप्यासारख्या रोगांना तोंड देता येतं. म्हणून मुळांत सिलिका आत घेणारी खास वाहकं आहेत. जपानच्या ओकायामा विद्यापीठातले जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी ती शोधली. एलएसआय१ हे २००६ मध्ये आणि एलएसआय२ हे २००७ मध्ये.

२००८ मध्ये त्याच शोधाची दुसरी बाजू समोर आली. पाण्यात विरघळलेली सिलिका आणि आर्सेनाइट हे दोन्ही लहान, विद्युतभार नसलेले रेणू. मुळांना फरक कळत नाही. सिलिकासाठी उघडलेल्या दारातून आर्सेनाइटही आत जातं.

त्यात भर पडते साचलेल्या पाण्याची. बांधी भरलेली असली की मातीत ऑक्सिजन उरत नाही. एरवी आर्सेनिक मातीतल्या लोहाच्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. ऑक्सिजन संपला की तो गंज विरघळतो, आर्सेनिक सुटतं आणि आर्सेनाइटच्या रूपात मुळांपर्यंत येतं. म्हणून त्याच मातीत गहू पेरला तर कमी आणि धान रोवलं तर जास्त आर्सेनिक दाण्यात उतरतं.

मग धानाने ते बाहेर का फेकू नये? कारण एसीआर३ शेवाळी आणि नेच्यांकडे आहे, सूचिपर्णी झाडांकडेही आहे, पण फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या वंशात ते हरवलं. धानाकडे बार्ट घराण्यातले दुसरे नातेवाईक आहेत, पण आर्सेनिकवाला भाऊ नाही. धान आपल्या परीने धडपडतं. काही आर्सेनिक पेरांमधल्या पेशींच्या कप्प्यांत कोंडून ठेवतं. तरी थोडं दाण्यापर्यंत पोहोचतंच.

भिंतीवरचा नेचा मात्र हुशार

पावसाळ्यात जुन्या चुन्याच्या भिंतींवर नेचे उगवतात. त्यातल्या टेरिस व्हिटाटा या जातीने २००१ मध्ये शास्त्रज्ञांना चकित केलं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की हा नेचा आर्सेनिक असलेल्या मातीत मरत तर नाहीच, उलट ते पानांत साठवतो. सुकलेल्या पानांच्या वजनाच्या सुमारे २.३ टक्क्यांपर्यंत!

हे त्याला जमतं कसं, याचं एक उत्तर २०१० मध्ये मिळालं. नेच्याकडे एसीआर३ आहे, पण ते पेशीच्या बाहेरच्या पटलावर नाही. ते बसलंय आतल्या साठवणीच्या कप्प्याच्या, म्हणजे रिक्तिकेच्या पटलावर. यीस्ट कचरा रस्त्यावर फेकतं, तर नेचा तो घरातल्या कुलूपबंद खोलीत टाकतो.

२०१२ मध्ये संशोधकांनी यीस्टचा एसीआर३ जनुक धानात घालून पाहिला. मुळांनी आर्सेनाइट जास्त बाहेर टाकलं आणि दाण्यातलं प्रमाण घटलं. हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. असं बियाणं बाजारात नाही. कुणी 'आर्सेनिकमुक्त जीएम धान' म्हणून पाकीट विकायला आलं तर घेऊ नका.

हा प्रश्न आपल्यापासून किती दूर आहे?

आर्सेनिक म्हटलं की पश्चिम बंगाल आणि बांगलादेश आठवतात. पण आसगावपासून सरळ पूर्वेला निघालात तर सव्वाशे किलोमीटरच्या आत छत्तीसगडमधलं अंबागड चौकी लागतं. गोंदिया आणि गडचिरोली ओलांडलं की हा भाग सुरू होतो. तिथल्या कौडीकसा गावात आणि आसपास विहिरी व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक आढळल्याचं जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशातल्या राजनांदगाव जिल्ह्यात होता. तिथे कारखान्याचं सांडपाणी नव्हतं. आर्सेनिक आलं ते जमिनीखालच्या खडकांतून.

याचा अर्थ भंडाऱ्याचं पाणी खराब आहे, असा काढू नका. खडक बदलला की पाणी बदलतं. एका गावातल्या दोन हातपंपांतही फरक असू शकतो. अर्थ एवढाच की पाण्याकडे नुसतं बघून काही कळत नाही. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर अंगावर काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात-तळपाय खरखरीत आणि गाठीगाठींचे होतात. पुढे त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मग आपण काय करायचं?

पाणी तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय मानक, दोन्हींची मर्यादा एकच आहे: लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा असते. नमुना देताना 'आर्सेनिकही तपासा' असं स्पष्ट सांगा. नवीन बोअर मारली असेल तर नक्कीच.

उकळून आर्सेनिक जात नाही. उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक भांड्यातच राहतं आणि पाणी आटल्यामुळे उलट थोडं दाट होतं.

भात वेळून घ्या. आजी करायची तसा. तांदूळ धुवायचा, सहा ते दहा पट पाण्यात शिजवायचा आणि वरचं पाणी काढून टाकायचं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या मते, अशाने असेंद्रिय आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होऊ शकतं. दोन अटी मात्र आहेत. शिजवायचं पाणी स्वच्छ हवं. आणि वेळलेल्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात, म्हणून ताटात डाळ-भाजी हवीच. जिथलं पाणी चांगलं आहे तिथे पेज टाकायची गरज नाही.

ब्राऊन राइस म्हणजे सगळ्याच बाबतीत चांगला, असं नाही. त्यात तंतू जास्त असतात हे खरं. पण आर्सेनिक दाण्याच्या बाहेरच्या थरात जास्त साठतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात सडलेल्या तांदळाची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम, तर न सडलेल्याची ०.३५ मिलिग्रॅम आहे. लहान बाळांना रोज फक्त तांदळाचंच खायला देऊ नका. नाचणी, ज्वारी, डाळ आलटून पालटून द्या.

शेतात पाणी आलटून पालटून द्या. बांधी सतत भरलेली न ठेवता मध्ये सुकू दिली तर मातीत ऑक्सिजन जातो आणि आर्सेनिक कमी सुटतं. पाणीही वाचतं. पण काही जमिनींत यामुळे कॅडमियम हा दुसरा विषारी धातू जास्त उचलला जातो. त्यामुळे माती तपासून आणि कृषी सहायकांशी बोलूनच हा बदल करा.

'तांदळात विष' असा मेसेज आला तर

फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा. कुठला तांदूळ? किती प्रमाण? आणि ते एकूण आर्सेनिक आहे की असेंद्रिय? कारण घातक आहे ते मुख्यतः असेंद्रिय. ही तीन उत्तरं नसतील तर तो मेसेज घाबरवण्यापलीकडे काही करत नाही. भात सोडायची गरज नाही. कशाच्या पाण्यावर तो पिकला आणि कशाच्या पाण्यात तो शिजला, हे मात्र माहीत हवं.

यीस्टकडे दार आहे, नेच्याकडे कुलूपबंद खोली आहे. धानाकडे आणि आपल्याकडे यातलं काहीच नाही. आपल्याकडे आहे ती पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेऊन देण्याची सोय. गावातल्या ज्या हातपंपाचं पाणी सगळ्यात जास्त लोक पितात, तिथून सुरुवात करा.